रजा

मंगळवारी सात वाजता, ग्रिम्सबीत, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत
आम्ही आठजण. हीटर एकाच बाजूने तापतो
म्हणून खुर्च्यांची रांग नेहमी तिरकी.
माझ्या बोटांना हॅडॉकचा वास. लिंबू, राख, कॉफीचा चोथा,
सगळं करून झालं.

डोरीन पिकरिंग फळ्यावर नामं लिहितात, एकाखाली एक:
बेत. वचन. हक्क. संधी. नकार.
आणि प्रत्येकापुढे तोच आखूड 'टू'.
"यांचं एकट्याने भागत नाही," त्या म्हणतात,
"पुढे एक क्रिया लागते. नुसती.
कुणी केली, केव्हा केली, काही न सांगणारी.
काळ नसलेली."

काळ नसलेली क्रिया मला लगेच समजते.
अडीच वर्षं मी तीच करते आहे.

गुंटार्स विचारतो, 'प्लॅन'ला टू, मग 'आयडिया'ला ऑफ का?
मार्करचं टोपण दातांत धरून डोरीन म्हणतात,
"असंच असतं, लव्ह."

आमच्याकडे आधी क्रिया, मागून वस्तू.
बसायला जागा. प्यायला पाणी.
तहान आधी कळते.
इथे आधी पाणी आणून ठेवतात
आणि मग आठवतात, कशासाठी ते.

दुसऱ्या तासाला 'गिव्ह'. देणं. सोपं.
पण पाठीला एक चिमुरडा शब्द चिकटला
की देणारा हात कुठल्या कुठे जातो.
गिव्ह अप: नाद सोडणं.
गिव्ह इन: नमतं घेणं.
गिव्ह अवे: फुकट वाटणं,
किंवा गुपित फोडणं, किंवा लग्नात लेक देणं.
"तिन्हीला एकच?" शिलान विचारते.
तिची लेक अठराची आहे. कुणी हसत नाही.
मग शिलानच हसते, मग सगळे.

'सेट आउट'ला डोरीन स्वतःचं उदाहरण देतात:
माझे वडील पहाटे चारला बोटीवर निघाले.
कुणीतरी म्हणतं, मग?
"मग 'टर्न अप'. ते पुढच्या वेळी,"
आणि फळा पुसायला घेतात, अर्धा आधीच पुसलेला.

पत्र गुरुवारी आलं.
जिन्यातच फोडलं, हातमोजा दातांनी ओढून.
पहिल्याच ओळीत 'लीव्ह'.
हा शब्द मला येतो, पहिल्या महिन्यातला:
बस सुटते, पाहुणा निघतो, नवरा टाकून जातो.
पुढचं वाचलं नाही.
पलंगाखालची निळी बॅग ओढली,
फिल्मोनचे बूट, त्याचं पोहण्याचं प्रमाणपत्र,
कॉफीची मातीची जेबेना टॉवेलात गुंडाळून.

साडेतीनला तो आला. टेबलावरचं पत्र
शाळेत वाचतात तसं वाचू लागला, मोठ्याने, सपाट:
लीव्ह टू रिमेन.
निघ, राहायला?
हा कसला छळ, मी म्हटलं.
"आई, मी फक्त वाचतोय."

पुन्हा वाच, म्हटलं. आणि तो आखूड टू ऐकू आला.
म्हणजे लीव्ह इथे जात नव्हती कुठेच.
नाम होती. जुनी, कुठल्याशा कचेरीच्या कपाटात जपलेली:
रजा.
आणि पुढे तिची क्रिया, राहणं,
कुणी, केव्हा, काही न सांगणारी.
काळ खालच्या ओळीत होता.
पाच वर्षं, तारखेसकट.

बूट तेवढे बाहेर काढले, सकाळी लागणार होते.
बाकी बॅग तशीच दाराशी, रविवारपर्यंत.

मंगळवारी जेबेना वर्गात नेली.
हीटरच्या तापल्या बाजूला सगळे दाटीवाटीने.
गुंटार्सने साखर सांडली. डोरीननी तिसरा कपही घेतला,
खिडकीतून गोदीकडे बघत, थेंब न ठेवता.
नऊ वाजले, खालचे दिवे गेले.
'टर्न अप' राहून गेलं.